पाचवा रकाना

१

माझी धाकटी बहीण गेली तेव्हा तिच्या उशाशी लावलेली स्क्रीन हिरवीगार होती.

हिरवा म्हणजे धोका नाही. खाली आकडाही होता, शंभरात चार. या बाईची तब्येत येत्या चोवीस तासांत बिघडण्याची शक्यता शंभरात चार, असं यंत्राचं म्हणणं. बाई तोवर थंड पडली होती आणि यंत्र आपलं चारावर ठाम होतं.

हे यंत्र काय ते आधी सांगते. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन आणि श्वास असे पाच आकडे नर्सने भरायचे. जुन्या रोग्यांचे हजारो तक्ते वाचून शिकलेलं एक मॉडेल त्यावरून अंदाज बांधतं आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतं. वॉर्डात सगळे त्याला ज्योतिषी म्हणतात. तो माझ्या निवृत्तीनंतर आला, म्हणून आमची गाठ पडली नव्हती.

मी त्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वॉर्ड सहाची इन्चार्ज सिस्टर म्हणून. अजूनही तिथे मला मोठ्या सिस्टर म्हणतात. माझ्या वॉर्डात तक्त्यातला एक रकाना रिकामा सापडला तर ड्यूटीवरच्या नर्सची खैर नसे. त्याबद्दल मिळालेली पितळी पाटी अजून वॉर्डाच्या दारावर आहे. धाकटीला न्यूमोनिया झाला तेव्हा मीच हट्ट धरला, माझ्या वॉर्डात ठेवा, तिथलं काम चोख असतं.

त्या दुपारी मी तिचे धुतलेले कपडे आणायला घरी आले होते. दोन वाजून बारा मिनिटांनी भाचीचा फोन आला. भाची म्हणजे धाकटीची एकुलती एक मुलगी. शाळेत शिकवते, आवाज कायम वर्गात असल्यासारखा.

"मावशी, आई धापा टाकतेय. एक वाक्य सलग बोलवत नाहीये तिला. आणि इथली नर्स आईच्या अंगावर हात ठेवून नुसती घड्याळाकडे बघत उभी आहे. मी विचारतेय काय झालं, तर तोंडातून शब्द नाही. ड्यूटी कधी संपतेय ते बघत असेल. उद्धट कुठली!"

"स्क्रीनवर रंग कोणता आहे?"

"हिरवा."

"मग घाबरू नकोस. पाचपर्यंत येतेच मी."

पाचला पोचले. साडेपाचला धाकटी गेली. तिचा गाऊन माझ्या हातातल्या पिशवीत इस्त्रीसकट तसाच राहिला.

चौथ्या दिवशी भाची केसपेपरांची प्रत घेऊन माझ्या दारात उभी राहिली. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. म्हणाली, "मावशी, तुला हे वाचता येतं. मला नाव हवंय."

"ज्याने हे केलं त्याला तुझ्यासमोर उभं करीन," मी म्हणाले. "कुणी का असेना."

न्याय, सत्य वगैरे मोठे शब्द माझ्या मनात नव्हते, खोटं कशाला बोलू? मला कुणाची तरी नोकरी, अब्रू आणि झोप, तिन्ही हवी होती. मी चष्मा लावला आणि शेवटच्या दिवसाचं पान उघडलं.

दुपारी दोन दहाची नोंद. नाडी अठ्ठ्याऐंशी. नवल नाही, धाकटीला बीपीची गोळी होती, तिने नाडी वाढत नाही. रक्तदाब ठीक. ताप थोडा. ऑक्सिजन पंच्याण्णव, पण तो नळी लावून. पाचवा रकाना श्वासाचा. मिनिटाला अठरा असावेत.

पाचव्या रकान्यात चौतीस लिहिलं होतं. आणि शेजारी रंग हिरवा.

२

सुपरिंटेंडेंट साहेबांच्या खोलीत भिंतभर एकच फोटो आहे. साहेब फीत कापताहेत, मागे ज्योतिष्याची भलीमोठी स्क्रीन. देशोदेशीचे लोक आता आपल्याकडे बघायला येतील, असं त्या दिवशी ते म्हणाले होते म्हणे. आले की नाही ठाऊक नाही.

"सिस्टर, बसा. तुमचं दुःख ते आमचं दुःख," ते म्हणाले आणि चहा मागवला.

मी केसपेपर त्यांच्यासमोर आपटला. "चौतीस श्वास आणि हिरवा? साहेब, चौतीस म्हणजे माणूस बुडत असतो."

साहेबांनी पानाकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे त्यांना ते पान पाठ होतं. "तुमच्यापासून काय लपवायचं. ते चौतीस नंतर भरलेलं आहे. ती नवी नर्स. रोगी दगावल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काही मोजलंच नाही, मग मागची वेळ टाकून एक भीतीदायक आकडा घातला. म्हणजे मी तर बरोबर मोजलं होतं, यंत्रच चुकलं, असं म्हणायला मोकळी. आधीही तिला दोनदा मेमो दिलाय, कामात वेळ घालवते म्हणून. सोमवारी चौकशी समिती बसतेय. तुमची तक्रार तेवढी तिच्या नावाने येऊ द्या, मंगळवारी ती घरी."

ऐकताना मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं. भाचीने सांगितलेली घड्याळ बघणारी उद्धट नर्स हीच. चोराच्या उलट्या बोंबा! मनातल्या मनात माझं तिला हॉस्पिटलच्या फाटकातून पेटीसकट बाहेर घालवूनही झालं.

"आणि यंत्राचं काय?" मी निघता निघता विचारलं.

"यंत्र?" साहेब हसले. त्यांनी कपाटातून एक जाडसर फाईल काढली. "हा बनवणाऱ्याचा अहवाल. ठेवा तुमच्याकडे, प्रत आहे. सगळ्या चाचण्या पास."

माझ्या हातात कागद आले की बोटं आधी पानं मोजतात. ती खोड तीस वर्षांची. पाच, सहा, आठ, नऊ.

"सातवं पान कुठेय?"

साहेबांनी चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला. "झेरॉक्सवाल्याने गाळलं असेल हो," ते म्हणाले. सहाव्या पानाच्या तळाशी अर्धं वाक्य लोंबकळत होतं: 'पाचव्या रकान्याबाबत एक गंभीर सूचना करणे आवश्यक आहे, ती अशी की'.

३

ड्यूटी डॉक्टर मला जिन्यावर सापडला. उभ्या उभ्या बिस्किटं खात होता. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, डोळ्यांखाली काळं, गळ्यात स्टेथोस्कोप आणि पायात दोन वेगळे मोजे. एरवी मला कणव आली असती.

"माझी बहीण बुडत होती आणि तुम्ही कुठे होता?"

"सिस्टर, माझ्याकडे तीन वॉर्ड होते." त्याने बिस्किटाचा पुडा खिशात कोंबला. "ती नर्स आली होती, मी नाही म्हणत नाही. म्हणाली, श्वास फार वाटताहेत. मी माझ्या फोनवर ज्योतिषी बघितला. हिरवा. म्हटलं, संध्याकाळच्या राउंडला बघू."

"श्वास किती सांगितले तिने?"

"आठवत नाही. चौतीस म्हणाली असेलही. पण चौतीस नव्हते."

"तुम्ही बघितलं?"

"बघायला कशाला हवं? चौतीस असते तर ज्योतिषी लाल झाला असता. तो हिरवा होता, म्हणजे चौतीस नव्हते." त्याने ते इतक्या सरळपणे सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. मग तो जिन्याशेजारच्या फळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शिवाय ते वाचा."

फळ्यावर परिपत्रक होतं, साहेबांच्या सहीचं. 'हिरव्या रंगाच्या रोग्यांसाठी डॉक्टरांना बोलावू नये. बोलावल्यास संबंधित नर्सकडून लेखी खुलासा घेण्यात येईल.'

"म्हणजे तिने हिरव्यासाठी तुम्हाला बोलावलं?"

"हो. त्याचाच तर दुसरा मेमो मिळाला तिला. त्याच दुपारी."

हिने जर मरणानंतर आकडा घुसडला असेल, तर मरणाच्या आधी, मेमो अंगावर घेऊन, ती डॉक्टरला बोलवायला का धावली होती? कामचुकार माणूस स्वतःहून मेमो ओढवून घेत नाही.

तरी माझा राग तिला सोडायला तयार नव्हता. हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतो?

४

नर्सेसच्या हॉस्टेलच्या मागे कपडे वाळत घालायच्या तारा आहेत. नवी नर्स तिथे युनिफॉर्म पिळत होती. मला बघून तिने हात पुसले आणि शिकाऊ मुली उभ्या राहतात तशी ताठ उभी राहिली.

"चौतीस कधी लिहिलंस?" मी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"मोजल्यावर लगेच, मोठ्या सिस्टर. दोन दहाला."

"साहेब म्हणतात नंतर."

"ते म्हणणारच." तिची नजर सरळ होती. "मी मोजले. पोटावर हात ठेवून, घड्याळ समोर धरून, पूर्ण मिनिट. लिहिलं तरी विश्वास बसेना, म्हणून परत एक मिनिट मोजले. मध्ये बोललं की आकडा चुकतो, म्हणून मी गप्प असते. त्या ताई, त्यांची मुलगी, काहीतरी विचारत होत्या. मी उत्तर दिलं नाही. त्यांना राग आला असणार. मला त्यांची माफी मागायची होती, पण नंतर..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी पिशवीतून फोन काढला आणि त्या दिवसाचे कॉल उघडले. भाचीचा कॉल, दोन वाजून बारा मिनिटं. अंगावर हात ठेवून नुसती घड्याळाकडे बघत उभी आहे. तोंडातून शब्द नाही.

ती पोर ड्यूटी संपायची वाट बघत नव्हती. ती माझ्या बहिणीचे श्वास मोजत होती. पुरावा चार दिवस माझ्याच पिशवीत पडून होता, आणि तो साहेबांच्या खोलीत माझ्या ध्यानात येऊ नये? एकतीस वर्षं नर्स असलेल्या बाईला, श्वास मोजणारी नर्स कशी दिसते हे कळू नये?

या प्रश्नापाशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला नवं सावज हवं होतं.

"मग तो हिरवा का राहिला?"

"मला नाही माहीत. मी आकडा परत परत भरला. तो चारावरून हललाच नाही." तिने पिळलेला युनिफॉर्म पुन्हा पिळला. "मोठ्या सिस्टर, मी तुम्हाला आठवत नाही का?"

"तू? नाही."

"तीन वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना, एक महिना वॉर्ड सहाला होते. तुमच्या हाताखाली." ती काहीतरी सांगणार होती. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि युनिफॉर्म तारेवर टाकला. "जाऊ द्या. तुमच्यावर आधीच कमी का कोसळलंय."

५

ज्योतिषी बनवणाऱ्याला मी मॉडेलवाला म्हणते. त्याचं ऑफिस एका छपाईच्या दुकानाच्या माडीवर होतं. खालून यंत्रांची खडखड, वर चार टेबलं, एका फळ्यावर अर्धवट पुसलेली आकडेमोड. माणूस चाळिशीचा, नखं कुरतडलेली. मी नाव सांगितल्यावर त्याने न विचारता खुर्ची पुढे केली.

"मी वाट बघत होतो कुणीतरी येण्याची," तो म्हणाला.

"मग आधी का नाही आलात स्वतःहून? माझी बहीण जिवंत असताना?"

त्याने संगणक चालू केला आणि धाकटीचे पाच आकडे भरले. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, श्वास चौतीस. स्क्रीन हिरवी. शंभरात चार.

"आता श्वास अठरा करतो." हिरवा. चार.

"पन्नास." हिरवा. चार.

"आता तुम्ही भरा. कोणताही आकडा."

मी एका बोटाने शून्य दाबलं.

हिरवा. चार.

खालची छपाईची खडखड मला एकदम फार मोठी वाटायला लागली. श्वास बंद पडलेला माणूस ज्योतिष्याच्या लेखी ठणठणीत होता.

"हा पाचव्या रकान्याकडे बघतच नाही," मॉडेलवाला म्हणाला. "मी त्याला तसं सांगितलेलं नाही. तो स्वतः शिकला. समजा एखाद्या शाळेत दहा वर्षं प्रत्येक मुलाला पस्तीसच गुण दिले. हुशारालाही पस्तीस, ढ मुलालाही पस्तीस. तर गुणांवरून कुणाला काय कळणार? शहाणा माणूस त्या गुणांकडे बघणं सोडून देईल. यानेही तेच केलं. बाकीचे चार आकडे उपकरणं मोजतात, ते खरे होते. श्वास तेवढा माणसाला मोजावा लागतो. ज्या तक्त्यांवर हा शिकला त्यांत दोन लाखांच्या वर नोंदी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीत श्वास अठरा. घरी चालत गेलेल्यांचे अठरा, संध्याकाळी दगावलेल्यांचे सकाळी अठरा. एक रोगी सव्वाचारला गेलाय आणि साडेचारच्या रकान्यात त्याचे श्वास अठरा आहेत."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"फीत कापायच्या आधी." त्याने खणातून एक कागद काढला. सातवं पान. 'पाचव्या रकान्यातील आकडे मोजलेले नसून अंदाजाने लिहिलेले दिसतात. तीन महिने प्रत्येक रोग्याचे श्वास पूर्ण मिनिट मोजून नव्या नोंदी घ्याव्यात, मॉडेलला त्यावर पुन्हा शिकवावे, तोवर हिरवा रंग दाखवू नये आणि नर्सच्या शब्दावर डॉक्टरने यावे.' खाली साहेबांची सही, 'वाचले' असा शेरा आणि तारीख. फीत कापण्याच्या तीन दिवस आधीची.

मला आनंद झाला. दात ओठांत रुतवणारा आनंद. सापडला! झेरॉक्सवाला म्हणे!

"तुम्हीही सुटत नाही," मी मॉडेलवाल्याला म्हणाले. "लिहून दिलंत आणि घरी जाऊन बसलात. यंत्र चालू आहे हे दिसत होतं ना रोज?"

"दिसत होतं." तो नखाकडे बघत होता. "सोमवारी जे विचारतील ते सांगेन. पण सिस्टर, तुम्ही एक विचारलंच नाहीत."

"काय?"

"हे अठरा लिहिले कुणी."

मी सातव्या पानाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं.

"हॉस्पिटलचे अकरा वॉर्ड. मी सगळ्यांचे तक्ते मागवले होते. बाकी ठिकाणी पाचवा रकाना अर्ध्या वेळा रिकामाच. रिकामा असता तर बरं झालं असतं, मॉडेलला निदान कळलं असतं की इथे काही माहीत नाही. पण मग शिकवायला घेतले ते एकाच वॉर्डाचे, कारण तिथे दहा वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. इतके चोख तक्ते मी जन्मात पाहिले नव्हते."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. जुन्या तक्त्यांचे फोटो होते ते. प्रत्येकाच्या तळाशी, इन्चार्ज सिस्टरच्या जागी, एक वळणदार सही होती. ती सही मी त्याच सकाळी तक्रारीच्या कागदावर केली होती.

६

आता मला ती शिकाऊ मुलगी आठवली.

वॉर्डात चाळीस रोगी, दोन नर्सेस, सकाळची वेळ. एक पोरगी पहिल्याच पलंगापाशी घड्याळ धरून उभी. मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, श्वास मोजतेय सिस्टर. मी सगळ्या वॉर्डासमोर हसले होते. "साठ सेकंद? असे चाळीस रोगी मोजायला बसलीस तर तुझं लग्न होईपर्यंत राउंड संपायचा नाही. माणूस बघ, बरा दिसतोय ना? अठरा लिही आणि पुढे चल. रकाना रिकामा ठेवू नकोस."

अठरा लिही आणि पुढे चल. अकरा वर्षांत हे मी किती मुलींना सांगितलं असेल? मला माझ्या इन्चार्ज सिस्टरने सांगितलं होतं, तिला तिच्या. त्याने माझं पाप कमी होत नाही. त्यांच्या वेळी कागद रद्दीत जात होते. माझ्या कागदांची एक शाळा झाली आणि त्या शाळेत एक यंत्र शिकलं.

रविवारभर मी घरी बसून होते. खोटं नाही सांगत, सुटायची वाट सोपी होती. साहेबांचं सातवं पान पुरेसं होतं. अठरांचा विषय कुणी काढला नसता. ती पोर तारेपाशी गप्प राहिली होती, पुढेही राहिली असती. आणि भाचीला तिचं नाव मिळालं असतं.

सोमवारी अकराला समिती बसली. अध्यक्ष म्हणून बाहेरून आलेल्या एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या. साहेब, ड्यूटी डॉक्टर, मॉडेलवाला, भिंतीला चिकटून नवी नर्स, आणि मागच्या खुर्चीत माझी भाची.

"तक्रार कुणाविरुद्ध?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चौघांविरुद्ध," मी म्हणाले. "ही नर्स त्यात नाही."

साहेब खुर्चीत सरकले. मी माझा फोन टेबलावर ठेवला. दोन वाजून बारा मिनिटं. भाचीला विचारलं, तेव्हा नर्स काय करत होती? तिने सांगितलं आणि सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं. तिने वळून नव्या नर्सकडे पाहिलं, आणि नर्सने मान खाली घातली. चौतीस खरे होते, हे तिथेच सिद्ध झालं.

"डॉक्टर, तुमचा गुन्हा हा, की पलंग वीस पावलांवर होता आणि तुम्ही फोन बघितला. यंत्र बरोबर आहे म्हणून नर्स खोटी, आणि नर्स खोटी आहे म्हणून यंत्र बरोबर, या गोल रिंगणात माझी बहीण मेली." पोराने तोंड दोन्ही हातांत झाकलं. मी थांबले नाही. "मॉडेलवाले, तुम्ही सातव्या पानावर खरं लिहिलंत आणि एक वर्ष गप्प बसलात."

"हो," तो म्हणाला.

"आणि साहेब. सातवं पान झेरॉक्सवाल्याने गाळलं ना?"

"मी असलं काही पान पाहिलेलंच नाही," साहेब म्हणाले. फार लवकर म्हणाले.

मी मॉडेलवाल्याचा कागद अध्यक्षबाईंसमोर सरकवला. त्यांनी सही वाचली, शेरा वाचला, तारीख वाचली, आणि चष्म्यावरून साहेबांकडे पाहत राहिल्या. साहेबांचा चेहरा असा उतरला की तो बघायला मी किती दिवस उपाशी होते ते मला तेव्हा कळलं. मी तो पोटभर बघून घेतला. त्याची मला आजही लाज नाही.

"नर्सने खरं सांगू नये म्हणून तुम्ही परिपत्रक काढलंत. यंत्राने खरं सांगू नये म्हणून पान फाडलंत. कशासाठी? भिंतीवरच्या त्या फोटोसाठी."

"हे तीन झाले," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चौथं कोण?"

भाची पुढे झुकली होती. तिच्या डोळ्यांत मी तिला दाखवलेली आग होती. मी लावलेली, मी फुंकर घातलेली.

"तिचं नाव तक्रारीत पहिलं आहे," मी म्हणाले. "वॉर्ड सहाची माजी इन्चार्ज सिस्टर. न मोजता अठरा लिहायला तिने दोन पिढ्या नर्सेसना शिकवलं, आणि त्यांच्या हातून त्या यंत्राला. हिच्या वॉर्डात एक मुलगी खरं मोजत होती, तिला हिने हसून गप्प केलं. त्या दुपारी बहिणीच्या मुलीने फोन केला तेव्हा हिने, बहिणीचा श्वास कसा आहे हे विचारायचं सोडून, रंग कोणता ते विचारलं."

मी खुर्चीतून उठले आणि साहेबांच्या शेजारी जाऊन, भाचीकडे तोंड करून उभी राहिले. शब्द दिला होता.

७

साहेबांना त्याच दिवशी घरी पाठवलं. परिपत्रक फळ्यावरून निघालं. मॉडेलवाल्याने स्वतःच्या हाताने हिरवा रंग बंद केला.

भाची बाहेर व्हरांड्यात माझी वाट बघत होती. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला एक नाव हवं होतं, मावशी. तू चार दिलीस, आणि त्यातलं एक असं की मला धड द्वेषही करता येत नाही."

"कर. मी नाही म्हणत नाही."

"करणारच आहे." तिने नाक पुसलं. "सातव्या पानावर काय लिहिलंय? तीन महिने खरे श्वास मोजा?"

"हो."

"मग तू मोज. पगार नाही, खुर्ची नाही, ते मोठ्या सिस्टर वगैरे काही नाही. त्या नव्या नर्सच्या हाताखाली. एकेक रोगी, पूर्ण मिनिट. त्या यंत्राला तू चुकीचं शिकवलंस ना, आता तूच नीट शिकव. आणि दारावरची ती पाटी आधी उतरव. तीन महिने मला फोन करायचा नाही."

अध्यक्षबाईंनी परवानगी दिली. पाटीचे स्क्रू गंजले होते, नव्या नर्सने शिडी धरली आणि मी ते काढले. तिने मला एक वही दिली, एक घड्याळ दिलं आणि म्हणाली, "पहिल्या पलंगापासून, सिस्टर. घाई करू नका."

पहिल्या पलंगावर एक म्हातारा होता, बरा दिसत होता. माझ्या मनाने सवयीने आकडा लिहूनही टाकला. मी त्याच्या पोटावर हात ठेवला, घड्याळ समोर धरलं आणि मोजायला लागले.

"सिस्टर, बाबा बरे आहेत ना?" त्याच्या मुलाने विचारलं.

मी मोजत राहिले.

"सिस्टर, मी तुमच्याशी बोलतोय. काय झालंय त्यांना?"

सव्वीस. सत्तावीस. म्हातारा बरा नव्हता.

"बघा, नुसती घड्याळाकडे बघत उभी आहे," मुलगा शेजारच्या पलंगावरच्या बाईला म्हणाला. "उद्धट कुठली!"

मी मान वर केली नाही. अजून बावीस सेकंद बाकी होते.